आषाढातली सासुरवाडी

आमच्या म्हैसुरात आषाढ पावसानं कळत नाही, वाऱ्यानं कळतो. पाऊस असतो, पण कपड्याला इस्त्री करताना पाणी शिंपडावं तसा. धड भिजवत नाही, धड कोरडं राहू देत नाही. वारा मात्र खरा. दाराच्या कड्या वाजवतो, दोरीवरचं धोतर शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो. पोरं मैदानावर पतंग काढतात. आणि चामुंडीचा डोंगर, ज्याला आम्ही मराठी घरातली माणसंसुद्धा बेट्टाच म्हणतो, डोक्यावर ढग ओढून जो बसतो तो दुपारपर्यंत तोंड दाखवत नाही.

ह्या वाऱ्याला वास असतो. बेट्ट्यावरची ओली घाणेरी, निलगिरीची साल, आणि शुक्रवारी पायऱ्यांना लावलेली हळद. हळदीचा वास एवढ्या लांब इट्टिगेगूडात आमच्या दारापर्यंत येतो का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, येतो. मला येतो.

मी गाड्यांच्या सीटा शिवणारा माणूस. पणजोबा महाराजांच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. आजोबांनी त्याच घोड्यांची खोगिरं शिवली, वडिलांनी टांग्यांच्या गाद्या, आणि मी स्कूटरच्या सीटा. घोडं बदलत गेलं, सुई तीच. शाळा तिसरीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं आईनं चुलीपुढं राखेत गिरवून घेतली. तेवढ्यावर हे लिहितोय. चुकलं तर चुकलं, कुणाकडून तपासून घेणार नाही.

यंदा वारा सुटला त्याच आठवड्यात मी माझ्या मुलाशी पैज लावली.

आनंद, माझा एकुलता एक, बेंगळुरात कंप्यूटरच्या कंपनीत आहे. त्याची आई गेल्यापासून दर रविवारी त्याचा फोन येतो, आणि दर रविवारी तेच.

"अप्पा, आता साकु. पुरे झालं. इकडं या. तुमची खोली तयार आहे."

"माझं घर आहे."

"घर आहे हो. घरात कोण आहे?"

मी आवाज चढवला. तो घाबरला नाही. पूर्वी घाबरायचा.

"परवा बाथरूममध्ये पडलात म्हणे. शेजारच्या काकूंनी सांगितलं."

"पडलो नाही. बसलो."

"बाथरूममध्ये? फरशीवर?"

"माझी फरशी. मी कुठंही बसेन."

तिकडं तो हसला की त्यानं उसासा टाकला ते फोनवर कळत नाही. मग म्हणाला, "अप्पा, तुम्हाला एकट्याला झेपत नाही आता. कबूल करा की."

झेपत नाही हा शब्द मला लागला. मी म्हटलं, "ऐक. बेट्टा चढतो, पाठीकडून उतरतो आणि तुझ्या पारूमावशीच्या दारात चालत जातो. एकटा. पोचलो तर हा विषय परत काढायचा नाही. नाही पोचलो तर तू म्हणशील त्या दिवशी पेटी भरून येतो. गप्प येतो."

त्यानं कुठल्या दिवशी ते विचारून घेतलं. मग "आयतु," म्हणाला. म्हणजे ठरलं. शब्दाचा पक्का आहे. माझाच मुलगा.

आता ह्या वाटेचं सांगायला पाहिजे.

यमुना, माझी बायको, बेट्ट्याच्या पलीकडची. कडकोळला जाताना डोंगराच्या पायथ्याला टेकलेलं एक खेडं आहे, तिथं आमच्यासारखीच पाचपन्नास मराठी माणसं. त्यांच्याही आजोबा-पणजोबांनी घोडी दामटली आणि त्याबद्दल मिळालेली जमीन कसत ती तिथंच राहिली. लग्न झालं तेव्हा राज्याचं नावही अजून म्हैसूरच होतं. लग्न वैशाखात, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आषाढ. आषाढात इकडं नव्या नवरीला माहेरी धाडतात. सुनेनं आणि सासूनं एका उंबऱ्यातून ये-जा करायची नाही, नवऱ्यानं बायकोचं तोंड बघायचं नाही, जावयानं सासूच्या दारी जायचं नाही. आमच्यात मुळात ही रीत होती की नव्हती, देवाला ठाऊक. पण इतक्या पिढ्या इथं राहिल्यावर शेजारणीची रीत आईची होते. आई म्हणाली, "एक महिनाच की रे. मरतोस का?"

मी म्हटलं, "मी कुठं काय म्हटलं?"

मरत नव्हतो. पण लग्नाआधी जी खोली मला पुरत होती तीच एकदम मोठी झाली. भिंतीला खिळा होता, त्यावर तिची बांगड्यांची पिशवी लटकायची. आता नुसता खिळा. मी त्याच्याकडे बघत पडायचो आणि मलाच माझी लाज वाटायची, की काय हा घोडेस्वाराचा पणतू, एका खिळ्याला भितो.

दुकानाला शुक्रवारी सुट्टी. सगळं म्हैसूर शुक्रवारी पायऱ्यांनी वर देवीला जातं. मी पायऱ्या सोडून बाजूच्या रानात शिरलो. तिथं मोळी विकणाऱ्या बायकांनी पाडलेली पायवाट होती. ती चढत चढत डोंगराच्या खांद्याला जाते, देऊळ वरच्या अंगाला सोडते आणि पाठीकडून खाली उतरते. उतारावर एक मोठा खडक पुढं आलेला आहे. त्यावर उभं राहिलं की खाली तिच्या गावचं तळं.

मी कुणाच्या दारी गेलो नाही. कुणाचं तोंड बघितलं नाही. खडकावर उभं राहू नये असं रीतीत कुठंही नाही.

तळ्याच्या काठाला बायका धुणं धूत होत्या. तोंडं दिसत नव्हती, पण एक शेंदरी साडी दिसली. मी घेतलेली. असली शेंदरी साऱ्या गावात दुसरी नव्हती. वाकायची, आपटायची, पिळायची, सरळ उभी राहून कमरेवर हात ठेवायची. तेवढंच. त्या आषाढात एकही शुक्रवार मी चुकवला नाही. ढग खाली उतरले की तळं पुसून जायचं, मग मी तसाच भिजत बसायचो, ढग उठायची वाट बघत. उठले की आधी पाणी दिसायचं, मग काठ, मग ती शेंदरी ठिणगी. माझ्या छातीत जे काही व्हायचं ते मी इथं लिहिणार नाही.

भीमन अमावास्या झाली, आषाढ संपला, यमुना परत आली. पहिल्याच संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "मी तुला बघत होतो. दर शुक्रवारी. तळ्यावर."

ती भाकरी थापायची थांबली. "मला? तळ्यावर?"

"शेंदरी साडी. काय समजलीस?"

ती अशी हसायला लागली की पिठाच्या हातांनीच तिनं तोंड झाकलं. "अहो, नवी नवरी म्हणून आईनं मला महिनाभर उंबऱ्याबाहेर काढलं नाही. ती साडी मी पहिल्याच दिवशी पारूला दिली. रुसली होती म्हणून."

म्हणजे मी अख्खा आषाढ त्याच गावात दिलेल्या माझ्या मेहुणीला बघत होतो.

ही गोष्ट चुलीपुढंच राहिली असती तर बरं होतं. पण यमुनेनं ती माहेरी सांगितली. दिवाळीला गेलो तर दारातच पारू. म्हणाली, "अय्यो दाजी, ते तुम्ही होय? आम्ही बायका म्हणायचो लाकूडचोर आलाय. मी तर एकदा दगड पण उगारला होता!" तिचा नवरा, सासू, गल्लीतली पोरं, सगळी हसली. मी पण हसलो असं सगळ्यांना वाटलं.

खरं सांगू? मला राग आला होता. पुष्कळ दिवस होता. मग यमुनेनंच एकदा अंथरुणावर पडल्या पडल्या सांगितलं, की त्या महिन्यात ती मागच्या खिडकीत बसून बेट्टा बघायची. ह्याच्या पलीकडं हे आहेत, म्हणायची. मी शिवण मारत असेन, आईशी भांडत असेन, असं मनाशी धरायची. मी तिला समजून पारूला बघत होतो, ती मला समजून डोंगराला बघत होती. मग राग गेला. जे बघितलं ते चुकीचं होतं, कबूल. पण जे वाटलं ते चुकीचं होतं असं कुणी म्हणून बघावं माझ्यापुढं.

पुढं प्रत्येक आषाढात आम्ही दोघं त्या वाटेनं जायचो. तो एक महिना वसूल करायला, असं ती म्हणायची. चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, बांधून घ्यायची. चढताना माझ्या पुढं चालायची आणि मागं न बघता बोलायची, त्यामुळं अर्धं वारा न्यायचा. मी नुसतं "हं" म्हणायचो. खडकावर पोचलो की खाली बोट दाखवायची, "ओळखा बघू, त्यातली मी कुठली?" शेजारी उभी राहून. दर वर्षी. आणि मी दर वर्षी कुठली तरी एक साडी दाखवायचो, नाहीतर तिचं समाधान व्हायचं नाही. मग तिचे गुडघे गेले आणि आम्ही बसनं जायला लागलो. बसमधून डोंगर बाजूनं दिसतो. त्यात काही नाही.

तर यंदा निघालो. काठी घेतली नाही, छत्री घेतली. काठीवर टेकलं की लोक म्हातारा म्हणतात, छत्रीवर टेकलं तर म्हणत नाहीत. पिशवीत पाणी, चुरमुरे आणि फोन. चित्रान्न मला जमत नाही. एकदा केलं होतं. मोहरी जळली.

रानाच्या तोंडाशी वनखात्याचा गार्ड उभा होता, पिकल्या मिशांचा. कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जा, कुठं?"

"सासुरवाडीला."

"आषाढात?" तो हसला. "सासू आत घेईल का?"

"सासू वारली. सासरे वारले. बायको पण वारली. आता कोण अडवतंय बघू."

त्याचं हसू गेलं. म्हणाला, "तसं नव्हे अज्जा, वर बिबट्या फिरतोय. एकट्यानं जाऊ नका."

"येऊ दे. मांस राहिलेलं नाही, नुसतं कातडं आहे. आणि कातड्याचं काम त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं."

त्यानं मान हलवली. "उजेडात उतरा म्हणजे झालं," एवढं बोलून बाजूला झाला.

वाट आता वाट राहिलेली नाही. मोळीवाल्या बायका गेल्या, घरोघर गॅस आला. ज्या वाटेवरून पाय जात नाहीत ती घाणेरीच्या पोटात जाते. छत्रीनं फांद्या बाजूला करत चढलो. गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं, तुझं काम तू कर. करवंदाच्या जाळीत कुठं एखादं काळं राहिलं होतं, ते खाल्लं. आंबट. मोर ओरडत होता, दिसला नाही. दम खायला थांबलो की माझाच श्वास मागून कुणी येत असल्यासारखा ऐकू यायचा. मी दोनदा वळून बघितलं. नंतर नाही बघितलं.

पहिल्या वळणावर झाडी उघडते आणि खाली कारंजी तळं दिसतं. वाऱ्यानं पाणी सुरकुतत होतं, नीट ताणून न बसवलेल्या रेक्झिनसारखं. मला अशी सुरकुती सहन होत नाही, हात शिवशिवतात. त्याच्या पलीकडं गाव, राजवाड्याचे कळस, आणि पार लांब, जयलक्ष्मीपुरमच्या अलीकडं, कुक्करहळ्ळीचं तळं, कुणी चमचा पालथा ठेवल्यासारखं. मधल्या सगळ्या गावात माझ्या हातच्या सीटा फिरल्यात. कितीतरी प्रोफेसर माझ्या टाक्यांवर बसून कॉलेजला गेले. इथून सगळं सारखंच दिसतं. घरही दिसत नाही. उगाच शोधत बसलो, ते झाड, ती टाकी, त्याच्या डाव्या हाताला. एवढ्या उंचीवरून माझं घर कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, काही कळलं नाही.

खांद्यावर ढग होता. ढगात चाललं की सगळं जवळचं राहतं. पुढचं झाड, पुढचा दगड, छत्रीचं टोक. वरून देवळातली घंटा आली, ओल्या कापडात गुंडाळल्यासारखी. यमुना असती तर म्हणाली असती, "वर जाऊन नमस्कार तरी करा, एवढ्या जवळ आलाय." मी कधी देवळाकडं वळलो नाही. ती तिथूनच हात जोडायची आणि म्हणायची, "ह्यांचाही घे गं, हट्टी आहेत." मी टोपी काढली. कुणी सांगायला नव्हतं म्हणून काढली.

खडकावर पोचलो. बसलो. पडलो नाही, बसलो. ढग उठेपर्यंत चुरमुरे चघळले. उठला. आधी पाणी, मग काठ. तळ्याला आता तारेचं कुंपण आहे. पाणी अर्धं हिरवं झालंय. कडकोळच्या बाजूला कारखान्यांचे पांढरे पत्रे, लांबवर. काठावर एक म्हैस आणि दोन बगळे. बाई एकही नाही. घरोघर मशीन आली, तळ्यावर कोण येणार? मी तरी बघत राहिलो. साडी दाखवायला एक नव्हती.

तिथं माझ्या मनात आलं ते लिहितो. इथून परत फिरलो तर? खाली जाऊन गार्डाजवळ बसलो, आनंदला फोन केला, बाबा नाही जमलं, तर? तो गाडी घेऊन येईल. नात मागच्या सीटवर असेल, ती मराठी चार शब्द बोलते आणि तेही चुकीचे, पण बोलते. गरम भात कुणीतरी ताटात वाढेल. रात्री खोकलो तर भिंतीपलीकडं कुणाला तरी ऐकू जाईल. हे सगळं मला नको होतं असं नाही. मी त्या खडकावर बसून ते एकेक नीट बघितलं, आणि मला ते पाहिजे होतं.

पण हरून? हरलेला माणूस घरात येतो तेव्हा त्याला खोली देतात, घर देत नाहीत. पोरगं चांगलं आहे, सूनही चांगली, त्यांच्या मनात तसं येणार नाही. माझ्या मनात येईल. रोज सकाळी येईल. त्यानं मला न्यावं, मी जिंकल्यावरसुद्धा न्यावं, हात धरून न्यावं, असं काहीतरी मला पाहिजे होतं. पैजेत ते मी घातलं नव्हतं.

उठलो आणि उतरलो.

उतार चढापेक्षा वाईट. घसरलो एकदा, तळहात सोलला. रान संपलं तिथं डांबरी रस्ता लागला. एक टेंपोवाला थांबला, "बसा अज्जा, गावापर्यंत सोडतो." कुणी बघत नव्हतं. आनंद बेंगळुरात, पारू घरात, यमुना नाही. मी म्हटलं, "चालत जायचं ठरलंय." "कुणाशी?" त्यानं विचारलं. मी पुढं चालायला लागलो.

पारू दारातच तांदूळ निवडत बसली होती. आता तीही म्हातारी, केस सगळे पांढरे, पण जीभ तशीच. मला चिखलानं माखलेला बघून सूप खाली ठेवलं. "अय्यो देवा! दाजी, डोंगरावरनं? ह्या वयात? अजून माझाच नाद सुटला नाही का तुमचा?"

"पाणी दे आधी. तोंड मग चालव."

तिनं पाणी दिलं, तळहाताला हळद लावली, बडबडत राहिली. मी ओट्यावर बसून फोन काढला. बोटं ओली, दोनदा चुकीचं दाबलं. आनंदनं पहिल्याच घंटीला उचलला. सकाळपासून हातातच धरून बसला होता की काय.

"पोचलो," मी म्हटलं. "मावशीच्या दारात आहे. चालत. विचार तिला."

त्यानं मावशीला फोन द्या म्हटलं नाही. म्हणाला, "लागलं वगैरे नाही ना?"

"नाही."

"बरं झालं." मग हळूच म्हणाला, "जिंकलात अप्पा. आता नाही काढत विषय."

मी फोन कानाला तसाच धरला. ह्याच्यानंतर 'पण' येतो. लहानपणापासून त्याची सवय आहे. पण अप्पा, मी म्हणत होतो. पण अप्पा, एकदा विचार करा. मी थांबलो. वाऱ्यानं पारूच्या अंगणातलं केळीचं पान फाटत होतं, ते बघत थांबलो. आला नाही. शब्दाचा पक्का आहे, मघाशी म्हटलंच. "ठेवू मग?" त्यानं विचारलं.

"ठेव."

पारू उंबऱ्यात उभी होती. "काय म्हणाला?"

"काय म्हणणार? हरला."

"मग तोंड असं का झालंय?"

"ऊन लागलं," मी म्हटलं.

सबंध दिवसात सूर्य दिसला नव्हता. पारूनं वर आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आत गेली, पान मांडलं, आणि मी नको म्हणेपर्यंत भात वाढत राहिली. मी बराच वेळ नको म्हटलं नाही.